दिनविशेष : २६ नोव्हेंबर – पिंपळगावच्या वीराचे स्मरण

२०२० : श्रीनगरच्या वेशीवरील एचएमटी भागात दहशतवाद्यांनी लष्कराच्या शीघ्र कृती पथकावर गोळीबार केला. त्यात चाळीसगाव तालुक्यातील पिंपळगावचे जवान यश देशमुख आणि त्यांचे सहकारी रतनलाल यांना वीरमरण आले. यश तेव्हा ऐन विशीत होते. सैन्यात दाखल होऊन फार काळ झाला नव्हता. पिंपळगावात त्यांना शासकीय इतमामात अखेरचा निरोप देण्यात आला. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यातील शहिदांचा स्मृतिदिनही हाच.

१९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्यानिमित्त यश यांच्यासारख्या शहिदांच्या कुटुंबीयांसाठी व माजी सैनिकांसाठी निधी जमतो. जळगाव-धुळेकरांनी त्यात सढळ हाताने भर घालावी. यश देशमुख या खान्देशच्या सुपुत्राला विनम्र अभिवादन!