आज्ञापत्राची भाषा

आज्ञा देणारा एका ठिकाणीं आणि ती पाळणारा दुसऱ्या ठिकाणीं असला, म्हणजे दोघांमध्यें लेखी शब्दावांचून दुसरें कांहीं उरत नाहीं. समोरासमोर बोलतांना स्वराचा आणि प्रतिप्रश्नाचा आधार असतो. कागदाला तो नाहीं. म्हणून राज्य चालविणाऱ्यास स्पष्ट लिहिणें गरजेपोटीं शिकावें लागतें. या कलेचे दोन अव्वल नमुने आमच्या रत्नागिरी जिल्ह्यास लाभले आहेत, आणि दोन्ही शिवकालीन आहेत.

पहिलें पत्र मे महिन्यांतलें. चिपळुणास लष्कराचा तळ पडल्यामुळें, दाभोळच्या सुभ्यांत पावसाळ्याकरितां सांठविलेला दाणागोटा बराचसा संपून गेला होता. गडोगडींचा गल्ला आणवून पागेची कशीबशी बेगमी करण्यांत आली. अशा वेळीं चिपळूण तालुक्यांतील हलवर्ण येथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस महाराजांनीं हें पत्र धाडिलें. ‘दाणा जपून वापरा’ एवढें लिहून त्यांस थांबतां आलें असतें. पण ‘जपून’ म्हणजे काय, हें ज्यानें त्यानें आपापल्या सोयीनें ठरविलें असतें! म्हणून पत्रांत नियम आणि त्याचें कारण हीं जोडीनें येतात. कारकून देतील तेवढाच रातीब घ्यावा. कारण आज मनास येईल तसा चारला, तर भर पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील आणि तीं मारल्याचा दोष तुमच्यावर येईल. कुणब्याच्या घरचा दाणा, भाकर, गवत, फाटीं, भाजी, यांपैकीं कशालाहि हात लावूं नये. कारण घर धरून राहिलेला कुणबीहि मग निघून जाईल, आणि त्याला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. निषेधापाशींच लेखणी थांबत नाहीं. हवें तें कोठून आणावें, तर पदरीं घातलेल्या पैशांतून, बाजारांतून, विकत, हेंहि सांगितलें आहे. शेवटीं विस्तवाची ताकीद येते. ती चुली, आगट्या आणि तंबाखूचा विस्तव यांवरून रात्रीच्या दिव्याची वात ओढून नेणाऱ्या उंदरापर्यंत जाते. राज्यकर्त्याच्या लेखणीनें उंदराची दखल घ्यावी, यांत आम्हांस त्या पत्राचें थोरपण दिसतें. कारण गवताच्या गंजींस आग लागली, तर सारी पागाच बुडणार होती.

दुसरें पत्र प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस ५ सप्टेंबर १६७६ रोजीं लिहिलेलें. ज्या कुणब्यापाशीं बैल व दाणा नाहीं, त्यास ते पुरवावे. वसूल करतांना वाढीदिढी न घेतां मुद्दलच हळूहळू घ्यावें. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च करावा. मोडून पडलेल्या कुळाची जुनी बाकी तहकूब करून हुजुरांस कळवावें, म्हणजे माफीची सनद मिळेल. स्वतः किती करावें आणि वर केव्हां विचारावें, ही अधिकाराची सीमारेषा येथें नेमकी आखली आहे.

फारसी राजकीय शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राजव्यवहारकोश’ महाराजांनीं रघुनाथ पंडितांकडून करविला, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु कोशानें नांव कळतें. त्या वस्तूचा वापर केव्हां करावा, केव्हां करूं नये, हें अशा पत्रांनींच कळतें.

हा जुना विषय आज नव्यानें निघण्यास कारण आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ आतां माणसाच्या वतीनें कामें करूं लागले आहेत. पत्र धाडणें, तिकीट काढणें, नोंद पुसणें अशीं साधनें त्यांच्या हातीं दिलीं जातात, आणि प्रत्येक साधनासोबत त्याचें नांव, त्यास लागणारी माहिती व चार ओळींचें वर्णन असतें. कोणतें साधन केव्हां उचलावें, हें एजंट मुख्यतः त्या ओळींवरून ठरवितो. ‘नोंदींची व्यवस्था करणें’ असें मोघम वर्णन लिहिलें, तर शोधावयास सांगितलेली नोंद पुसलीहि जाईल. साधन काय करतें, काय करीत नाहीं, केलेलें परत फिरवितां येतें कीं नाहीं आणि कोठें थांबून माणसास विचारावें, हें सारें त्या ओळींत यावयास हवें. चिपळूणच्या आणि प्रभावळीच्या पत्रांत याच गोष्टी आहेत.

एक भेद मात्र मोठा आहे. हलवर्णच्या जुमलेदारानें कोंकणचा पाऊस पाहिला होता, गवत कसें पेटतें हें त्याला कळत होतें. आणि हुकमांत अंतर पडल्यास इज्जत वांचणार नाहीं, ही तंबीहि त्याला दिलेली होती. यंत्राला गमावण्यासारखी इज्जत नाहीं. त्यामुळें जुमलेदारावर पडणारा दोष आतां वर्णन लिहिणाऱ्याकडे येतो. आपल्या मोघम वाक्यापायीं कोणा कुणब्याचें घर उठेल, हा विचार ज्याच्या मनांत जागा असेल, त्यानेंच ही लेखणी हातीं धरावी.