प्रोटोकॉल तोच, माणसं वेगळी

शनिवारची निवांत सकाळ, म्हणून जरा जुना इतिहास उकरू या म्हटलं. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनीच 'आयसोलेशन', 'कंटेनमेंट झोन' वगैरे शब्द पाठ केले. पण मंडळी, हे सगळं आपल्या मुंबई-पुण्याने सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा करून बघितलं होतं. नुसतं बघितलं नाही, त्यात पार पोळून निघालं होतं.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका तापाच्या रुग्णाला बघून निदान केलं: प्लेग. लोक गाठोडी बांधून गावाकडे पळायला लागले. सरकारने काय केलं? गटारं धुतली, घरांत कार्बोलिक ॲसिड फवारलं, सामान जाळलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सापडायच्या आधीच धडाधड पॅच मारले! उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमोंनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. तेही बऱ्याच जणांना लगेच पटलं नाही.

याच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. मगच दुसऱ्यांना. लोकांना 'घ्या' म्हणण्याआधी आपला दंड पुढे करायचा, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. (हो, मार्च २०२० मध्ये कोविडसाठी बाहेर काढला तोच!) मग पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून आला रँड. गोरे सोल्जर घरात, देवघरात घुसायला लागले. बायकांची तपासणी, सामानाची फेकाफेक. परिणाम काय? लोक आजारी माणूस लपवायला लागले. म्हणजे जो रुग्ण शोधायचा, तोच अडगळीत गेला. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. २२ जून १८९७, गणेशखिंड रस्ता, चापेकर बंधू.

आता त्याच पुण्यातली दुसरी गोष्ट. शहराबाहेर डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना होता. त्यांची आई, म्हणजे सावित्रीबाई, तिथे रुग्णांची सेवा करत होत्या. वय साठीच्या पुढे. मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झालाय कळल्यावर बाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यात त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता बघा गंमत. (गंमत कसली म्हणा..) रँडचे सोल्जर काय करत होते? रुग्णाला घरातून उचलून बाहेर नेत होते. सावित्रीबाईंनी काय केलं? रुग्णाला घरातून उचलून बाहेर नेलं. प्रोटोकॉल अगदी तोच. एकाला बघून लोकांनी दारं लावली, दुसरीच्या पाठीवर आपलं लेकरू दिलं.

रोग्याला वेगळं ठेवायला हवं, हे रँडचं म्हणणं शास्त्राच्या दृष्टीने काही वेडगळ नव्हतं. पण बरोबर असणं पुरत नाही हो. ज्याच्यासाठी हे चाललंय, त्याचा आपल्यावर विश्वास नसेल तर बरोबर उपायही नापास होतो. आणि विश्वास काही कायद्याच्या कलमात लिहून मिळत नाही. तो हाफकिनसारखा आधी स्वतःच्या दंडावर घ्यावा लागतो.

तब्येत सांभाळा म्हटलं की आपण स्मार्टवॉचवर पावलं मोजतो, विटामिनच्या गोळ्या मागवतो. मोजा जरूर. पण साथीत माणूस एकट्याच्या इम्युनिटीवर तरत नाही. चौथ्या मजल्यावरचे काका चार दिवस दिसले नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. आणि बेल वाजली की त्यांनी न घाबरता दार उघडावं, इतकी आपली ओळख आधीपासून असावी लागते.

ती ओळख साथ आल्यावर करता येत नाही. शनिवार मोकळा असेल तर आजच जाऊन या.