४३० आयती कुठे गेल्या?

आमच्या पिढीने मकतबमध्ये काही आकडे तोंडपाठ केले होते. कुरआनचे पारे ३०, सुरा ११४, मंझिला ७ आणि आयती ६,६६६. यातला शेवटचा आकडा जिभेवर पटकन बसतो, म्हणून तो घराघरात टिकला. तो कोणी मोजला, हे विचारायचे आम्हाला कधी सुचले नाही.

गेल्या रमजानमध्ये आमच्या शाळेतून डिप्लोमाला गेलेला एक विद्यार्थी भेटायला आला. कुरआनच्या मजकुराची फाइल घेऊन त्याने संगणकाला आयती मोजायला लावले होते. उत्तर आले ६,२३६. "सर, बाकीच्या ४३० आयती कुठे गेल्या? अब्बू म्हणतात, नेटवरच्या फाइलीत कोणीतरी गडबड केलीय, डिलीट कर."

पोराच्या हातात एक आकडा आणि बापाच्या मनात एक शंका. कुरआनमधून काही गायब झाले, ही शंका साधी नसते. तिचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात कुरआनच्या प्रती तयार करून निरनिराळ्या शहरांत पाठवल्या गेल्या. त्या काळच्या लिपीत जेर-जबर नव्हते, नुक्ते तुरळक होते आणि आयतींना क्रमांक नव्हते. वाचणाऱ्याला मजकूर पाठ असे, लिखित प्रत आठवणीला आधार देई. पुढे इस्लाम अरबी न बोलणाऱ्या मुलखांत पोहोचला तसे उच्चार चुकू लागले. मग स्वर दाखवण्यासाठी रंगीत ठिपके देण्याची पद्धत सुरू झाली. तिचे श्रेय परंपरेने अबुल अस्वद अद-दुअली (मृत्यू इ.स. ६८८) यांना दिले जाते. मूळ अक्षरे काळ्या शाईत आणि ठिपके बहुधा लाल शाईत.

या दोन शायांमागे मोठा विचार होता. मूळ मजकूर वेगळा आणि वाचकाच्या सोयीसाठी केलेली भर वेगळी, हे डोळ्यांना दिसले पाहिजे. इमाम मालिक यांच्याबद्दल असे नोंदवलेले आहे की, मुलांना शिकवायच्या प्रतींत ठिपके द्यायला त्यांची हरकत नव्हती, पण मूळ प्रमाण प्रतींत ते देऊ नयेत, असे त्यांचे मत होते. आजची भर उद्या कोणी मूळ समजू नये, ही ती काळजी.

आपल्याकडच्या छापील कुरआनमध्येही हीच शिस्त दिसते. समासात 'ऐन' हे अक्षर असते आणि त्याच्याभोवती तीन आकडे. वरचा आकडा त्या सुरेतला कितवा रुकू ते सांगतो, मधला त्या रुकूत किती आयती आहेत ते आणि खालचा त्या पाऱ्यातला कितवा रुकू ते. मजकुराबद्दलची माहिती मजकुराला धक्का न लावता बाजूला ठेवलेली.

संगणकाच्या जगात हे काम एक्सएमएल ही पद्धत करते. १९९८ मध्ये ती प्रमाण म्हणून मान्य झाली. मजकुराच्या प्रत्येक भागाभोवती खुणा करायच्या: सुरा इथे सुरू, आयत इथे सुरू, तिचा क्रमांक हा, सुरा इथे संपली. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'तन्झील' प्रकल्पाने कुरआनचा तपासलेला मजकूर अशा स्वरूपातही उपलब्ध करून दिला. तो जसाच्या तसा वापरायचा, बदलायचा नाही, अशी त्याची अट आहे.

माझ्या विद्यार्थ्याने हीच फाइल घेतली होती. ती वाचण्यासाठी त्याने पायथन भाषेतली 'एलिमेंट ट्री' ही लायब्ररी वापरली. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकालय नव्हे. कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्राममध्ये बोलावून घेता येणारा कोड. ही लायब्ररी २००६ पासून पायथनसोबतच मिळते. ती फाइल उघडते, खुणा ओळखते आणि सगळ्याचे एक झाड उभे करते. खोडाला ११४ फांद्या, प्रत्येक फांदीला आयतींची पाने. मग पाने मोजणे ओळभर कोडचे काम. उलट दिशेनेही ती चालते: झाड आपण उभे करायचे आणि खुणांसह फाइल तिने लिहायची. हाताने खुणा जोडत बसलो तर एखादी बंद करायची राहून जाते. वाचताना अशी चूक सापडली की ती तिथेच थांबते आणि ओळ क्रमांकासह दाखवते.

या फाइलीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सूरह फातिहाची बिस्मिल्लाह पहिली आयत म्हणून मोजली आहे. सूरह तौबाला बिस्मिल्लाह नाही. उरलेल्या ११२ सुरांची बिस्मिल्लाह पहिल्या आयतीच्या मजकुरात न मिसळता तिच्या खुणेत वेगळी नोंदवली आहे. लाल शाईमागचा विचार इथेही टिकून आहे.

आता त्या ४३० आयती. त्या कुठेही गेल्या नाहीत, कारण त्या नव्हत्याच. आयत कुठे संपते याबद्दल जुन्या शहरांच्या परंपरांत थोडा फरक होता. बसऱ्याची मोजणी ६,२०४, मदिन्याची एक मोजणी ६,२१४ आणि कूफ्याची ६,२३६. शब्द तेच, थांबे वेगळे. फातिहाच पाहा. कूफ्याच्या मोजणीत बिस्मिल्लाह ही पहिली आयत. मदिन्याच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण शेवटच्या आयतीच्या दोन होतात. आयती दोन्हीकडे सातच. अकराव्या शतकात अबू अम्र अद-दानी यांनी या मोजण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यातली कोणतीही मोजणी ६,६६६ वर जात नाही. १९२४ च्या कैरो आवृत्तीने कूफ्याची मोजणी घेतली आणि आपल्या हातातल्या प्रतीही बहुधा त्याच मोजणीच्या असतात.

पण हे सगळे सांगूनही मुलाच्या अब्बूंना पटले असते का? यंत्राने सांगितले, हा काही पुरावा नव्हे. लायब्ररी फक्त खुणा जुळतात का ते पाहते. एखादी अख्खी आयत कोणी खुणांसकट काढून टाकली, तरी ती तक्रार करणार नाही. मजकूर खरा आहे का, हे माणसालाच तपासावे लागते, हाफिजाने किंवा जाणत्या वाचकाने.

म्हणून मी मुलाला म्हणालो, घरातला छापील कुरआन घे. प्रत्येक सुरेच्या मथळ्यात आयतींची संख्या दिलेली असते. फातिहा ७, बकरा २८६, अशा ११४ संख्या लिही आणि अब्बूंना बेरीज करायला सांग.

त्यांचे किराणा दुकान आहे. तरावीहनंतर ते खतावणी घेऊन बसले. मुलगा आकडे वाचत गेला, ते लिहीत गेले. पहिल्यांदा बेरीज १० ने चुकली. दुसऱ्यांदा ६,२३६ आली.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. अब्बूंनी फाइल डिलीट करायला सांगितली नाही. मोहल्ल्यातल्या मकतबच्या भिंतीवर रंगवलेला ६,६६६ हा आकडा आता कोण बदलणार, एवढेच त्यांनी विचारले होते.