फेरी

आमच्या नगरचा भुईकोट किल्ला जवळजवळ गोल. खंदकाच्या कडेनं एक फेरी मारली, की मैलभर चालणं होतं आणि मिसळ खायला मन मोकळं! याच घेरात 1942 पासून कोंडलेल्या नेहरूंनी 1944 साली पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. आम्हांला फेरीअंती फक्त भूक लागते.

पण सर्वांत लांब फेरी औरंगजेबाची. 1683 साली बादशहानं नगरला छावणी टाकली, मराठ्यांपायी दक्खनभर वणवण केली आणि 1706 साली, नव्वदीकडे झुकलेला, पुन्हा नगरलाच आला. 1707 साली भिंगारला संपला. एवढी पायपीट करून दिल्ली काही पुन्हा दिसली नाही. आम्ही निदान चहाच्या वेळेला घरी असतो!