'डिजिटल अटक' : कायद्यात नसलेली अटक आणि ज्येष्ठांची पुंजी

जुलै 2024 मध्ये लखनौ येथील ज्येष्ठ हिंदी कवी नरेश सक्सेना यांना एक व्हिडिओ कॉल आला. आपण सीबीआयचे अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या इसमाने, सक्सेना यांच्या आधार क्रमांकावर मुंबईत बँक खाते उघडून त्यातून काळा पैसा फिरविण्यात आल्याचे सांगितले. 85 वर्षांच्या या कवीला कोणाशीही न बोलण्याची ताकीद देण्यात आली. काही तास ही 'चौकशी' चालली. मध्येच त्यांना कविता म्हणून दाखविण्यासही सांगण्यात आले. त्यामागे काव्याची आवड होती की सावज अडकवून ठेवण्याची युक्ती, हे त्या भामट्यालाच ठाऊक. अखेर घरच्या मंडळींना संशय आला, त्यांनी हस्तक्षेप केला आणि संभाषण तुटले. सक्सेना यांचे पैसे वाचले.

पुढच्याच महिन्यात लखनौतील एका डॉक्टरच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. याच पद्धतीने त्यांचे सुमारे 2 कोटी 81 लाख रुपये लुबाडण्यात आले. बळी पडणारे अशिक्षित किंवा भोळे असतात, हा समज अशा प्रकरणांनी खोटा ठरविला आहे.

'डिजिटल अटक' असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 नुसार अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला अटकेचा पंचनामा करावा लागतो. त्यावर अटक झालेल्याच्या कुटुंबातील व्यक्तीची किंवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित नागरिकाची साक्षीदार म्हणून सही आवश्यक असते. साक्षीदार कुटुंबातील नसेल, तर आपल्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळविण्याचा हक्क असल्याचे अटक झालेल्याला सांगावे लागते. या तरतुदीचे मूळ सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये डी. के. बसू प्रकरणात दिलेल्या निर्देशांत आहे. म्हणजे खऱ्या अटकेला घरचा माणूस किंवा शेजारी साक्षीला लागतो. खोट्या अटकेची पहिली अट 'कोणाला सांगू नका' ही असते. दोहोंतील फरक ओळखण्यास एवढी एक खूण पुरेशी आहे.

या फसवणुकीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रारंभी दूरसंचार खाते, कुरिअर कंपनी किंवा बँकेच्या नावाने दूरध्वनी येतो. मग गणवेशातील 'अधिकारी' पडद्यावर अवतरतो, बनावट वॉरंट दाखविले जाते, क्वचित 'न्यायाधीश'ही हजर होतात. गुन्हा बहुधा दूरच्या शहरात घडल्याचे सांगितले जाते, कारण लखनौचा वृद्ध मुंबईच्या पोलीस ठाण्यात जाऊन खातरजमा करू शकत नाही. शेवटी 'पडताळणीसाठी' सर्व रक्कम एका खात्यात भरण्यास सांगून ती नंतर परत मिळेल असे आश्वासन दिले जाते. मुले परगावी असलेले निवृत्त दांपत्य या सापळ्यात सहज सापडते. आयुष्यभराची पुंजी त्यांच्या हाताशी असते, सरकारी कागदाचा धाक मनात मुरलेला असतो आणि विचारावयास जवळ कोणी नसते.

तथापि ज्येष्ठांची बचत बहुधा मुदत ठेवींत असते व ती मोडण्यासाठी अनेकांना बँकेत जावे लागते. तेथे ही साखळी तुटू शकते. डिसेंबर 2025 मध्ये लखनौतच ठेवी मोडण्यासाठी आलेल्या एका वृद्धेची अस्वस्थता बँकेच्या कर्मचाऱ्यांनी हेरली आणि तिची एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम वाचली. काउंटरवर विचारलेला 'एवढे पैसे कशासाठी?' हा प्रश्न अनेकांना खटकतो, पण या वृद्धेच्या बाबतीत अशी विचारपूसच कामी आली. शेजारी आजी-आजोबा दिवसभर दार लावून बसले असतील, फोनवर दबक्या आवाजात बोलत असतील, तर दार ठोठावण्यात कोणताही आगाऊपणा नाही.

रक्कम गेलीच, तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी. खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी असावी. भामटे पैसा भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांतून अल्पावधीत पुढे सरकवितात. तक्रार लवकर पोहोचली, तर तो वाटेत गोठविता येतो. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहणे येथे सर्वांत महाग पडते. मुले रागावतील या भीतीने कित्येक वृद्ध तक्रारच करीत नाहीत.

न्यायालयांनीही दखल घेतली आहे. लखनौच्या न्यायालयाने जुलै 2025 मध्ये अशा एका गुन्ह्यातील आरोपीला सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. हरियाणातील अंबाला येथील वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना फसविल्यानंतर त्या न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्वतःहून हे प्रकरण हाती घेतले. 1 डिसेंबर 2025 रोजी त्याने देशभरातील 'डिजिटल अटक' प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविला. ज्या यंत्रणेचे नाव घेऊन सक्सेना यांना धमकाविण्यात आले होते, तीच आता या टोळ्यांच्या मागावर आहे.