घरच्या काट्याची हजेरी

गिरणीत अपघात झाला की दोष आधी कामगाराच्या माथी बसतो, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. दुबळ्या हृदयाच्या रोग्याचेही तसेच होते. अंगात पाणी साचू लागले की वजन वाढते. म्हणून घरीच रोज वजन करून दवाखान्यास कळवावे, ही युक्ती. पण रोगी कळवीत नाहीत, ही तक्रार.

अमेरिकेत १,६५३ रोग्यांवर केलेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्यांनी रोज दूरध्वनी करावयाचा होता. प्रश्न विचारी यंत्राचा आवाज. सुमारे १४ टक्क्यांनी एकदाही दूरध्वनी केला नाही. सहा महिन्यांअखेर आठवड्यातून तीनदा तरी करणारे ५५ टक्केच उरले. मृत्यू घटले नाहीत.

जर्मनीतील चाचणीचा वृत्तान्त २०१८ साली आला. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात डॉक्टर व परिचारिका अहोरात्र मापे पाहत, दरमहा रोग्यांशी दूरध्वनीवर बोलत. तेथे ९७ टक्के रोग्यांनी ठरलेल्या मापांपैकी किमान ७० टक्के पाठविली. वर्षाला दर शंभरी मृत्यू ११.३४ होते, ते ७.८६ वर आले.

दोन्हीकडचे रोगी व साधने सारखी नव्हती, हे खरे. तरी हजेरी चुकली म्हणून रोग्यास बोल लावण्यापूर्वी, ती घ्यावयास पलीकडे माणूस होता का, हे विचारावयास नको काय?