चाखून घेतलेलं तेल: विषयाचा प्रश्न कसा करायचा

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, एक वेगळ्याच प्रकारचं दुकान आता बरंच दिसतं. भिंतीलगत स्टीलच्या चकचकीत टाक्या, प्रत्येकीला तोटी, शेजारी इवलेसे कप. टाक्यांत असतं ऑलिव्ह तेल. हवं ते कपात घ्यायचं, प्यायचं, नाही आवडलं तर पुढच्या टाकीकडे वळायचं. पसंत पडलं की बाटली भरून मिळते. लोक तासतासभर रमतात तिथे.

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना मी हे उदाहरण मुद्दाम देते. कारण 'ऑलिव्ह तेलाच्या दुकानांचं आकर्षण' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'लोकांना चव आवडते' एवढं म्हटलं की तो तिथेच संपतो. इतिहासाचा प्रश्न वेगळा: तेल विकत घेण्याआधी चाखावंसं का वाटतं, आणि चाखण्याचा अधिकार कुणाकडे होता?

प्रश्न विचारला की लगेच अडचण उभी राहते. चव कुठल्याच दप्तरात जपून ठेवलेली नसते. मग साधनं कोणती?

रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे, सुमारे 35 मीटर उंच. ती निसर्गाने केलेली नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे तेलाचे रिकामे रांजण फोडून टाकले जात होते, त्या खापरांची ती रास आहे. बहुतेक रांजण दक्षिण स्पेनमधल्या बेटिका प्रांतातले, ग्वादालक्विवीर नदीच्या खोऱ्यातले. एकेक रांजण रिकामा असताना सुमारे 30 किलोचा, आणि त्यात साधारण 70 किलो तेल. ते फोडायचे का? कारण तेल मातीत मुरतं, खवट होतं, आणि असा रांजण पुन्हा वापरता येत नाही. त्या घाणीचा वास मारण्यासाठी राशीवर चुना टाकत असत. वास केव्हाच उडून गेला, चुना मात्र खापरांत आजही सापडतो. ज्याचा थेट पुरावा टिकत नाही, त्यावर लोकांनी काय उपाय केला हे शोधायचं. ही युक्ती वहीत लिहून ठेवा, दुसऱ्या कुठल्याही विषयात उपयोगी पडेल.

त्याच खापरांवर शाईने लिहिलेल्या नोंदी आहेत. हाइनरिक ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात त्या वाचून काढल्या. पुढे 1989 पासून स्पॅनिश संशोधकांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं. नोंदींत काय आहे? रिकाम्या रांजणाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, भरलेल्या तेलाचं वजन आणि तपासणीचा शेरा. त्या शेऱ्यात ठिकाण येतं, आणि कधी कधी त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावं, म्हणजे सालच. चवीबद्दल मात्र या नोंदी जवळजवळ गप्प आहेत.

याचा अर्थ रोमन लोकांना चवीचं काही पडलं नव्हतं, असा काढू नका. साधन गप्प असेल तर ते कुणी आणि कशासाठी लिहिलं, हे आधी बघायचं. इथे लिहिणारे व्यापारी आणि सरकारी तपासनीस, त्यांना वजनाचा हिशोब लागत होता. दुसरं साधन उघडा. थोरला प्लिनी लिहून गेलाय की तेलाचं वाइनसारखं नसतं, ते जुनं झालं की बिघडतं. सन 301 मध्ये सम्राट डायोक्लेशनने मालाच्या कमाल किमती ठरवून दिल्या. त्या यादीत तेलाच्या तीन प्रती आहेत, उत्तम प्रतीचं 40 दिनारियस आणि साध्याचं 12. तिपटीहून जास्त फरक! दोन्ही पिवळसर, दोन्ही रांजणात बंद. मग हे ठरवणार कोण? कुणाची तरी जीभ किंवा नाक. पण ती जीभ खरेदीदार व्यापाऱ्याची; रोजच्या शेर-अदपाव गिऱ्हाइकाची नोंद यात सापडत नाही.

मधली शतकं मी इथे सरळ ओलांडते, नाहीतर लेख प्रबंध होईल.

मे 1981 मध्ये स्पेनमध्ये लोक एका अनोळखी आजाराने पडायला लागले. पहिला बळी माद्रिदजवळच्या तोर्रेहोन दे आर्दोस गावातला एक लहान मुलगा. पुढे सुमारे 20 हजार लोक आजारी पडले, शेकडो मेले. माग लागला तो तेलापर्यंत. कारखान्यांसाठी आणलेलं, अ‍ॅनिलिन मिसळून खाण्यास अयोग्य केलेलं रेपसीडचं तेल पुन्हा शुद्ध करून, पाच लिटरच्या बिनलेबलाच्या प्लास्टिक कॅनमधून ऑलिव्ह तेल म्हणून विकलं गेलं होतं. ते विकत घेणारी कुटुंबं मुख्यतः कष्टकरी, स्वस्त तेल शोधणारी. ती रोज ते तेल खात होती, म्हणजे चाखतच होती. जिभेने त्यांना वाचवलं नाही.

दहा वर्षांनी, 1991 मध्ये, युरोपीय समुदायाने नियम क्रमांक 2568/91 काढला आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांसोबत माणसांनी चाखण्याची चाचणीही सक्तीची केली. (1981 नंतर 1991 येतं, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं लिहू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल.) प्रशिक्षित 8 ते 12 जण बसतात. तेल सुमारे 28 अंशांवर गरम ठेवलेलं असतं. पेला गडद रंगाच्या काचेचा, म्हणजे तेलाच्या रंगाने मत फिरू नये. फळाचा वास, कडूपणा, तिखटपणा या जमेच्या बाजू. खवट, कुबट, आंबूस हे दोष. आजच्या नियमाप्रमाणे दोषाचा मध्यक शून्याच्या वर गेला, की तेल 'एक्स्ट्रा व्हर्जिन' राहत नाही.

दुकानातला विधी बराचसा इथूनच उचललेला आहे. कप तळहातात धरून ऊब द्यायची, हुंगायचं, हवेसकट सुर्रकन ओढायचं. घशात ठसका लागला की विक्रेता खूश! 2005 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ गॅरी बोशाँ आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की ही जळजळ ओलिओकँथल नावाच्या द्रव्याची असते आणि त्याचं काम आयबुप्रोफेनसारखं चालतं. ज्या ठसक्याने एरवी बाटली परत केली असती, तोच आता चांगुलपणाची खूण झाला. अर्ध्या तासात आपल्याला पारख यायला लागली, हे सुख मोठं असतं. माझ्या मते तासभर रमण्याचं खरं कारण हेच.

पण फरक बघा. पॅनेल तेलाला नापास करू शकतं. दुकानात नापास व्हायला तेलच ठेवलेलं नसतं, निवड आधीच झालेली असते. शिवाय लिंबू-लसणाचा स्वाद दिलेली तेलंही शेजारीच असतात, आणि 'व्हर्जिन'च्या व्याख्येत बाहेरच्या स्वादाला जागा नाही. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती विधी आला, अधिकार मात्र अर्धाच आला.

मग विश्वास कशावर ठेवायचा? चांगल्या दुकानात तोटीशेजारी एक कार्ड लावलेलं असतं. कपाकडे बघणारे त्याच्याकडे फारसं बघत नाहीत. त्यावर लिहिलेलं असतं: ऑलिव्हची जात, गाव, उत्पादक, तोडणीचं साल, आम्लतेचा आकडा. चवीबद्दल दोन-तीन शब्द असतात, पण बाकीचा मजकूर मोंते तेस्ताच्चोच्या खापराशेजारी ठेवून वाचा. नाव, ठिकाण, साल, आकडा. मी असते तर प्रबंधाची सुरुवात त्या कार्डापासून केली असती.